चहाचा जीव

गुरुवारचा बाजार एरवी दुपारच्या अजानला पांगतो. त्या गुरुवारी मात्र सेफ्रू गावच्या जुन्या वेशीबाहेर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुदिन्याच्या जुड्या उन्हात माना टाकत होत्या आणि पुदिनेवाला टाचा उंचावून गर्दीच्या मध्यभागी बघत होता. ऑलिव्हवालाही मालावर गोणपाट टाकून तिकडेच गेला होता. रमजान तोंडावर आलेला. बायकांच्या पिशव्यांत तीळ, बदाम, बडीशेप. पण घरी जायचं नाव कुणी काढत नव्हतं.

मधोमध घडीच्या टेबलामागे हकीम मफद्दल उभा होता. अंगात जेल्लाबा, म्हणजे पायघोळ झगा, त्यावर डॉक्टरचा पांढरा कोट, गालाला चिकटवलेला माईक. कोटावर विश्वास नसेल त्यानं जेल्लाब्यावर ठेवावा, जेल्लाब्यावर नसेल त्यानं कोटावर, अशी दोन्हीकडची सोय.

"सुरी पावसात राहिली तर काय होतं, बायांनो?"

"गंज चढतो!" गर्दी ओरडली.

"आणि डॉक्टर तुम्हाला काय सांगतो? रक्तात लोह कमी आहे! म्हणजे रक्तात लोखंड आहे, हे तोच कबूल करतो. मग त्या लोखंडाला गंज चढणार नाही? गुडघा कुरकुरतो तो कशानं? बोटं वळत नाहीत ती कशानं? बिजागरी कुरकुरली तर तेल घालता, आणि स्वतः कुरकुरलात की म्हणता, वय झालं! वय नाही झालं, लाल्ला. गंज झाला!"

बतूल भाजीची पिशवी पोटाशी धरून उभी होती. मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, म्हणून गाव तिला उस्तादा, म्हणजे बाई, म्हणायचं. अशी वाक्यं उत्तरपत्रिकेत आली की ती लाल रेघ मारून मोकळी व्हायची. इथे रेघ मारायला कागद नव्हता. तिच्या शेजारी थोरली बहीण हनिया. आई गेली तेव्हा बतूल रांगत होती. हनियानंच तिला वाढवलं, जेल्लाब्याला लावायची रेशमी बटणं विणून शिकवलं. सेफ्रूच्या अर्ध्या बायका ती बटणं विणतात, पण हनियाचं बटण डोळे मिटून ओळखावं, इतकं गोल आणि घट्ट. मोठ्या बाईला मानानं म्हणतात तसं बतूल तिला लाल्लाच म्हणायची, आईच्या जागी.

गेल्या वर्षापासून हनियाची बोटं सकाळी वळत नव्हती. सुईचं टोक रेशमात शिरेपर्यंत चहा गार व्हायचा. "बोटं वळत नाहीत ती कशानं?" हे शब्द ऐकून हनियानं नकळत हात पदराखाली घ्यावेत तसे बाहीत ओढून घेतले. बतूलनं ते पाहिलं. हकीमानंही पाहिलं.

"या, लाल्ला, पुढे या! लाजायचं काय त्यात?"

त्यानं स्वच्छ पाण्याचं काचेचं भांडं पुढे सरकवलं. "हात बुडवा. चोळा. हं! आता हा माझा गंजाचा आरसा." हात पाण्यात असतानाच एका छोट्या बाटलीतून त्यानं काही थेंब टाकले. पाणी चहासारखं तपकिरी झालं.

"या अल्लाह!" बायकांनी तोंडाला हात लावले.

"हा तुमच्या बोटांचा गंज, लाल्ला. घाबरू नका. घरी चहा करता ना? किटलीत पत्ती टाकता, त्यावर पहिलं उकळतं पाणी घालता, आणि ते गाळून पेल्यात वेगळं ठेवता. त्याला काय म्हणता?"

"चहाचा जीव!" हे तर शेंबड्या पोरालाही माहीत.

"बघा! आपल्या आज्यांना ठाऊक होतं, की सगळी ताकद पहिल्या पाण्यात! चीनच्या हिरव्या पत्तीतली गंज खाणारी ताकद मोठमोठ्या पंडितांना आत्ता कुठे कळली. मी काय केलं? चाळीस किटल्यांचा जीव काढला, आटवला, आणि या एका कॅप्सूलमध्ये भरला!"

त्यानं कॅप्सूल फोडून भुकटी पाण्यात टाकली आणि चमच्यानं ढवळली. तपकिरी रंग बघता बघता विरला. पाणी निवळलं.

गर्दीतून असा आवाज उठला, की कबुतरं वेशीवरून उडाली. हनियाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती स्वतःच्या हातांकडे अशी बघत होती, जणू ते आत्ताच कुणी परत आणून दिले.

"घ्यायचं कसं, ते नीट ऐका!" हकीमानं आवाज खाली आणला, माईकमधून तो कानात बोलल्यासारखा वाटला. "रमजानसारखा मुहूर्त नाही. दिवसभर पोट रिकामं, म्हणजे किटली धुतलेली. संध्याकाळी रोजा सोडायचा भोंगा वाजला की खजुराच्याही आधी तीन कॅप्सूल. पहाटे उठल्यावर, घास घेण्याआधी आणखी तीन. थोड्या दिवसांनी अंगातून पिवळं निघायला लागेल. तोच गंज! तेव्हा जो घाबरून थांबेल, त्याचा गंज उलटा फिरून काळजात बसेल. मग मला दोष देऊ नका!"

ते शेवटचं वाक्य बतूलला सगळ्यांत जास्त खटकलं. औषध देणारा माणूस आधीच पळून जायची वाट का आखून ठेवतो?

हनियानं डबी घेतलीच. घरी आल्यावर बतूलनं तिचा हात नाकाशी नेला. "लाल्ला, वास घे. दवाखान्याचा वास येतोय ना? पोरांच्या फुटलेल्या गुडघ्याला लावतात ते तपकिरी आयोडीन आहे हे. गंज नाही."

"औषधाला औषधाचा वास येणारच, बिन्ती." हनियाला बतूल अजूनही लेकच वाटायची, आणि लेकीनं शिकवावं ही रीत नव्हे. "तू पुस्तकं वाच. माझ्या बोटांना काय होतं ते माझ्या बोटांना माहीत."

पुढच्या गुरुवारी बतूल तयारीनं गेली. पिशवीत औषधाच्या दुकानातलं आयोडीन, पाण्याची बाटली, दोन पेले, सुरी आणि एक लिंबू. बरोबर शेजारीण रकियाला मुद्दाम नेलं. रकियाच्या तोंडी बातमी पडली की गल्लीभर व्हायला वेळ लागत नाही, आणि बतूलला तेच हवं होतं.

हकीमाचं भांडं तपकिरी झालं, तशी ती पुढे सरकली. "हकीम मफद्दल, मी पण करून दाखवते." टेबलावर पेले मांडून तिनं पाणी ओतलं. "हे बंद बाटलीतलं पाणी. यात कुणी हात बुडवलेला नाही. आता दोन्हींत थेंब टाकते." पाणी तपकिरी झालं. "झालं ना? मग हा गंज कुणाचा?"

मागच्या बायका माना उंचावून पेल्यांकडे बघायला लागल्या. बतूलला वाटलं, जमलं.

हकीम हसला. "बाटली कुठे भरलीत, उस्तादा?"

"घरी. नळाला."

"नगरपालिकेच्या नळाला!" त्यानं दोन्ही हात आभाळाकडे नेले. "मग गंज कुणाचा म्हणून काय विचारता!"

अख्खा बाजार खो खो हसला. नगरपालिकेचे नळ सगळ्यांनाच ठाऊक. पुदिनेवाला तर मांडीवर थाप मारून हसला.

बतूलनं दात आवळून लिंबू कापलं, दुसऱ्या तपकिरी पेल्यात पिळलं. रंग फिका झाला, मग गेलाच. "हे बघा! साधं लिंबू! आयोडीनचा रंग घालवायला लिंबू पुरतं. हिरव्या पत्तीतही तसे पदार्थ आहेत, हे खोटं नाही. पण पेल्यातला रंग जाणं वेगळं आणि माणसाचं दुखणं जाणं वेगळं! पेल्याला पोट नसतं, यकृत नसतं!"

"सुभानअल्लाह!" हकीमानं टाळी वाजवली. "उस्तादांनी माझंच काम केलं! बघितलंत? एका लिंबात इतकी ताकद, तर माझ्या कॅप्सूलमध्ये शंभर लिंबांची! टाळ्या वाजवा उस्तादांसाठी!"

लोकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. बतूल तिथे उभी राहिली, हाताला लिंबाचा चिकट रस, आणि तिच्या डोळ्यांदेखत रकियानं पर्स उघडली.

"अगं, तू काय करतेस?"

"तूच तर दाखवलंस, उस्तादा," रकिया मनापासून म्हणाली. "मला तोवर शंका होती."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते तरी बरं. घडा निदान कोरडा राहतो. इथे बतूलनं ओतलेलं प्रत्येक पाणी हकीमाच्या पाणचक्कीवरच जात होतं.

रमजान लागला. संध्याकाळी भोंगा वाजला की हरीराच्या सूपचं भांडं निवत राही, खजुरांची बशी तशीच, आणि हनिया आधी तीन कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळायची. बतूल बघायची. एकदा तिनं डबी लपवली. हनिया रागावली नाही. घरभर शोधत फिरली, मग चुलीपाशी बसून लहान पोरीसारखी रडली. "माझी बोटं मला परत हवीत, बतूल. एवढंच मागतेय. तुला काय जातं?" बतूलनं डबी आणून दिली. त्या दिवसाचं तिचं हे देणं तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

महिना अर्धा सरला तसं हनियाचं अन्नावरचं मन उडालं. मळमळायचं. रात्रभर अंग खाजायचं. "उपासानं," ती म्हणायची. एका दुपारी ती अंगणात उन्हाला बटण विणत बसली होती, आणि बतूल शाळेतून आली. उन्हात हनियाचे डोळे वर झाले. पांढरं होतं ते हळदीसारखं पिवळं.

"लाल्ला!"

"दिसलं तुला?" हनिया हसली. किती दिवसांनी ती अशी हसली होती! "गंज निघतोय. हकीम म्हणाला होता ना?"

हेच ते कुलूप होतं, आणि किल्ली घेऊन हकीम पुढच्या गावी गेलेला. थांबव म्हणावं तर ती म्हणे काळजात बसेल. डॉक्टर म्हणावं तर ती म्हणे, रमजान होऊ दे. बतूल विज्ञान शिकवत होती आणि तिच्या घरात तिच्या विज्ञानाला बसायला पाट नव्हता. अखेर एका संध्याकाळी हनिया किटली उचलायला गेली आणि उचलताच खाली बसली, तेव्हा कुठे तिला फेस शहरातल्या इस्पितळात नेता आलं. कारण नाही म्हणायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

डॉक्टरीण इल्हाम तरुण होती, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. तिनं डबी हातात घेतली, फिरवून पाहिली.

"रिकाम्या पोटी?"

"दिवसभराच्या उपासानंतर. आणि पहाटे."

डॉक्टरिणीनं डबी टेबलावर ठेवली. "हिरव्या चहात वाईट काही नाही. तुम्ही-आम्ही रोज पितो. पण पत्तीतला अर्क आटवून, इतका गोळा करून, उपाशी पोटी घेतला की तो रक्तात एकदम चढतो. आणि ते सगळं निस्तरायचं कुणी? यकृतानं. काहींचं यकृत पेलतं, काहींचं कोसळतं. कुणाचं काय होईल, हे आधी सांगता येत नाही."

"आता?"

"कॅप्सूल बंद. बाकी वाट बघायची."

"आणि औषध?"

"तिच्या यकृताला स्वतःच सावरायला हवं, उस्तादा. आम्ही सोबत थांबतो." तिनं आवाज खाली केला. "नाही सावरलं, तर दुसऱ्याचं बसवायची वेळ येते. ते कुठून आणायचं, मला माहीत नाही."

हनियानं इस्पितळातही रोजा मोडायला नकार दिला. बतूल तिच्या उशाशी बसली. ती स्वतः रोजे धरणारी, नमाज न चुकवणारी. तिला या बाबतीत तरी शब्द सापडले. "लाल्ला, आजाऱ्याला सूट देवानंच दिलीय ना? त्यानं दिलेली सूट परत करणारी तू कोण?" हनियानं त्या दिवशी चार चमचे रस घेतला. पण तिच्या बटणांच्या टोपलीत, रेशमाच्या गुंड्यांखाली, बतूलला कॅप्सूल सापडल्याच. ती त्या घेऊन निघाली तेव्हा हनियानं तिची बाही धरली. पकडीत जोर नव्हता. "काळजात बसेल गं. मला मारतेस तू."

बतूलनं बाही सोडवून घेतली. ज्या बाईनं बोट धरून चालायला शिकवलं, तिची बोटं अशी एकेक करून उलगडावी लागली. मग ती जिन्यात जाऊन बसली. कुणाला काय सिद्ध करून दाखवणार? लिंबू कुठे पिळणार?

ईद इस्पितळातच गेली. त्यानंतरच्या दिवसांत हनियाचा पिवळा रंग रेंगाळत रेंगाळत उतरायला लागला. ती घरी आली ती निम्मी होऊन. बोटांत सुई ठरत नव्हती. बटण तर दूरच. डॉक्टरीण म्हणाली, वाचल्या. पूर्ण बऱ्या व्हायला किती दिवस, ते विचारू नका.

रकिया बदामी बिस्किटांची थाळी घेऊन भेटायला आली. हनियाच्या गालाला गाल लावून म्हणाली, "माशाअल्लाह! हकीमाचं औषध लागू पडलं म्हणायचं. गंज निघाला आणि माणूस उजळलं!"

"रकिया," बतूल म्हणाली, "ते औषध बंद केलं म्हणून ती वाचली."

"हो ना, पण आधी घेतलं होतं म्हणूनच बंद करता आलं ना?"

रकियाच्या चेहऱ्यावर जराही लबाडी नव्हती. तिनं रुमालाची गाठ चाचपली. "माझ्या कॅप्सूल अजून उघडल्याच नाहीत. रमजानात राहूनच गेलं. उद्यापासून ईदनंतरचे, शव्वालचे सहा रोजे धरतेय, पोट रिकामं असेलच. गुडघ्याला बरं पडेल."

आयोडीन, यकृत, अर्क, सगळं सांगून झालं होतं, बाजारात आणि गल्लीत.

"बिन्ती," कोचावरून हनिया म्हणाली. किती दिवसांत तिनं आपणहून काही मागितलं नव्हतं. "चहाचं तबक आण."

बतूलनं तबक आणलं, शेगडी आणली. हनियानं पत्तीची चिमूट किटलीत टाकली, पहिलं उकळतं पाणी घातलं, किटली फिरवली आणि पेल्यात गाळलं. सोनेरी काळसर, चमकदार. बाजूला ठेवायचा तो पेला तिनं रकियापुढे सरकवला.

"पी."

"हा?" रकिया हसली. "हा तर जीव! नुसता कोण पितं? आतडी पिळवटतील."

"का? सगळी ताकद त्यातच ना?"

"अगं पण तो किटलीत परत जातो, भरपूर पाणी, पुदिना, साखर, मग कुठे..." रकिया थांबली.

"आणि उपाशी पोटी?"

"उपाशी पोटी चहा?" रकियाचं तोंड तिच्या आधी बोललं. "माझी आजी हातावर मारायची. आधी भाकरीचा तुकडा, म्हणायची."

"माझीही." हनियानं आपला तळवा रकियापुढे उलटा केला. रेषांमध्ये अजून पिवळसर छटा होती. "मी चाळीस वर्षं या हातानं चहा केला, रकिया. कुणाला कधी नुसता जीव पाजला नाही. आणि स्वतः मात्र चाळीस किटल्यांचा गिळला. उपाशी पोटी. कुणीतरी छान आवाजात सांगितलं म्हणून. मला कुणी फसवलं ते नंतर बघू. पण माझ्याच हातानं मला रोज सांगितलं असतं, मी त्याला विचारलंच नाही."

रकियाची बोटं रुमालाच्या गाठीवर होती. ती उकलतही नव्हती, घट्टही करत नव्हती.

"विचार करते, लाल्ला," ती शेवटी म्हणाली आणि उठली. "देव तुला आयुष्य देवो."

बतूल तिला दारापर्यंत पोचवायला गेली. हात जोडावेत की रुमाल हिसकावून घ्यावा, हे तिला कळेना. तिनं एवढंच केलं, की रकियाचा हात धरला आणि हळू म्हणाली, "तुला माझं ऐकायचं नसेल तर नको ऐकू. पण स्वतःला विचार. पेल्यात रंग गेला, तर त्या पेल्यात आधी होतं काय? पेल्यात जे झालं ते पोटात होतं, हे कुणी बघितलंय? थोडं चांगलं म्हणून खूप चांगलंच असेल का? आणि जो म्हणतो, त्रास झाला तरी थांबू नको, त्याला आपल्या थांबण्याची एवढी भीती का? देवानं डोकं दिलंय ते या प्रश्नांसाठीच, रकिया. ते वापरलं म्हणून श्रद्धेला धक्का पोचत नाही. न वापरल्यानं माणूस पोचतो, कुठे, ते तू बघितलंस."

रकियानं मान हलवली. ती होकाराची होती की निरोपाची, बतूलला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बतूल गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. वेशीकडून अजान झाली. रकियाच्या अंगणाची आणि बतूलच्या गच्चीची भिंत एकच. पलीकडे खुर्ची सरकली. नळाखाली पाणी वाजलं, मग थांबलं. बतूल हातातला कपडा तसाच धरून कान देऊन उभी राहिली, घास आधी की कॅप्सूल आधी, हे भिंतीतून ऐकू येईल म्हणून. पलीकडे पेला खाली ठेवल्याचा आवाज आला, एवढंच.